गवताचा त्रास

मागच्या हिवाळ्यापर्यंत माझ्या घरात शिरणारा माणूस आधी मान खाली घालायचा. आदरानं नव्हे, नाइलाजानं. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यावर गवताच्या, बोंडांच्या, शेंगांच्या जुड्या उलट्या टांगलेल्या असायच्या. उलट्याच टांगाव्या लागतात, नाहीतर वाळताना माना मोडतात. खिडक्यांना जाड पडदे, कारण उन्हानं रंग उडतो. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दारातच थबकला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही राहता कुठे?" मी म्हटलं, "मी राहत नाही, मी यांच्याकडे कामाला आहे." तो हसला नाही. माझ्या बोलण्याला हसायचं काम आमच्या घरात एकाच माणसाकडे होतं, आणि तो वारल्यापासून ती जागा रिकामी आहे.

वाळक्या झाडपाल्यापासून मी घरात लावायच्या वस्तू करायचे. दारावर अडकवायची वेलीची गोल कडी, भिंतीवरचे लांब पट्टे, कोपऱ्यात उभे करायचे गवताचे झुपके. माल फुकटचा. रुळांकडेचा उतार, नाल्याचा काठ, बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, भावाभावांच्या भांडणात अडकलेले मोकळे प्लॉट. भावांनी भांडावं आणि माझं गवत वाढावं, अशी माझी साधी प्रार्थना असायची. सकाळी कात्री आणि मोठी पिशवी घेऊन निघायचं आणि कुणी हटकायच्या आत परत यायचं. या कामाची अक्कल एवढीच, की कधी तोडायचं ते कळलं पाहिजे. वेल ओली असतानाच गुंडाळावी, वाळली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तुरे मात्र पुरते फुलायच्या आधी तोडायचे. लोकांना फुललेला तुरा आवडतो. तो दिसतोही छान, पण घरात आणला की चार दिवसांत झडायला लागतो आणि मग बसा म्हातारीचे केस वेचत.

खाली शिंप्याचं दुकान आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो मला विचारायचा, "ताई, तुमच्याकडे एखादी जिवंत गोष्ट आहे का हो?"

"मी आहे की."

"तेवढं मधूनमधून तपासत जा."

"तपासते. पण तुम्ही शिवलेली पँट घालून गेलेलं गिऱ्हाईक जिवंत परत आलं का, ते तुम्ही तपासता का?"

असं आमचं चालायचं. दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणाल तर एवढंच, जिना चढताना एकदा आणि उतरताना एकदा. एकटं राहण्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर जास्त वाटतं. टीव्ही चालू ठेवला तर आतले लोक आपल्याला सोडून आपापसातच बोलतात, त्यानं आणखी वाटतं. म्हणून मी कामाला बसायचे आणि तारेनं बोंडं बांधता बांधता टांगलेल्या जुड्यांना नावं ठेवायचे. ही फारच ताठ, ती नुसती केसाळ, त्या कोपऱ्यातलीला काडीची अक्कल नाही. आमच्याकडे सगळीच वाळीत टाकलेली मंडळी, मला धरून.

माझी मुलगी दुसऱ्या शहरात असते. बसनं गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचता येतं, एवढंच लांब. तिला एक मुलगा आहे. तो चालत नाही, उड्या मारतो, म्हणून मी त्याला बेडक्या म्हणते. मुलीला ते आवडत नाही. तो दोन वर्षांचा होता तेव्हा ती त्याला घेऊन माझ्याकडे राहायला आली होती. त्याला खोकला सुरू झाला आणि मुक्काम अर्धा टाकून ती निघून गेली. नंतर फोन आला, "आई, डॉक्टर म्हणाले त्याला तुझ्याकडच्या गवताचा त्रास होतो. धूळ, कुसळं, ते सगळं छातीत जातं. थोडा मोठा होऊ दे, मग येऊ."

लेकराच्या छातीपुढे कोण काय बोलणार? मी म्हटलं, होऊ दे मोठा. तो मोठा होत गेला, फोनवर. दर रविवारी मुलगी त्याला फोनसमोर धरायची आणि तो त्याचा दात, त्याची गाडी, त्याचं गुडघ्यावरचं खरचटलेलं मला दाखवायचा. जावयाची आई त्यांच्याच गल्लीत राहते. एका रविवारी मी त्याला म्हटलं, "आजीला पापा दे." त्यानं विचारलं, "कुठल्या आजीला? खऱ्या की फोनमधल्या?"

मुलीनं त्याला दटावलं. मी हसले. मी म्हटलं, "बरोबर बोलतोय तो, मला हल्ली चार्जिंगच करावं लागतं." फोन ठेवला आणि कितीतरी वेळ खुर्चीतून उठले नाही. वर बघितलं तर सगळीकडे गवत. ते गवत मी पोटासाठी आणलं असं नाही, माझं भागतं. रिकामं घर भरायला आणलं होतं. आणि त्यानंच घर रिकामं ठेवलं होतं. माझा निर्णय तिथे बसल्या बसल्या झाला. सगळं काढून टाकायचं. एक काडीसुद्धा ठेवायची नाही. मग तिला कारण उरणार नाही आणि बेडक्या येईल, माझ्या खोलीत उड्या मारेल आणि मी खरी होईन.

माझ्या वस्तू विकणारी एक दुकानवाली होती. तिच्याकडे जाऊन म्हटलं, होतं नव्हतं सगळं उचल, मी काम बंद करते. ती म्हणाली, "असं कसं बंद करता? हात आहे तुमच्याकडे." तिनं दुकानाला नवा रंग दिला होता. मी म्हटलं, "रंग छान आहे हो. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." तिनं पावतीपुस्तकात मान घातली. लोकांना हल्ली खरं सोसत नाही. माल मात्र तिनं टेम्पो पाठवून उचलला. तयार कडी, पट्टे, वाळलेल्या जुड्या, खोक्यात भरलेली बोंडं, सगळं. टेम्पोवाल्याला जिन्यावरून एकेक जुडी बाळंतिणीसारखी जपून न्यायला लावली. तो म्हणाला, "गवतच आहे ना मावशी?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात आहे ते गवत. हे वेगळं."

उरली होती पाणकणसं. तळ्याकाठी उगवतात ती, तपकिरी, लांबट, हातात धरली की मखमली लागतात. त्यांची एक मोठी मोळी कपाटावर पडून होती. ती मी उशिरा तोडली होती आणि वरून वार्निश मारायचं राहून गेलं होतं. आज करू, उद्या करू. पाणकणसाच्या पोटात काय असतं ते या धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण मला घाई झाली होती. स्टुलावर चढले, मोळी ओढली, ती कपाटाच्या कडेला आपटली.

फट्ट असा काही आवाज होत नाही. आवाज झाला असता तर बरं. एक कणीस उसवलं आणि त्यातून कापूस यायला लागला. मी ते दाबून धरलं तर शेजारचं उसवलं. मग एकामागून एक, सगळीच जणू वाट बघत होती. एका कणसात किती कापूस असतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसायचा नाही. माझ्या नाकात, तोंडात, चष्म्याच्या आत. मी खिडकी उघडली, आणि तीच चूक झाली, कारण वारा आत आला आणि दार उघडंच होतं. सगळं जिन्यावरून खाली मास्तरच्या दुकानात. तिथे कुणाचा तरी काळा सूट इस्त्री करून टांगला होता.

मास्तर वर आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी स्टुलावर बसून होते. मला वाटलं आता हा चिडणार. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, एवढं म्हातारं व्हायची घाई काय होती?"

मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. तसं रडायचं माझ्या मनात नव्हतं. मास्तरला काय करावं सुचेना, त्यानं खिशातली मोजायची टेप काढली आणि परत ठेवली. "कुणासाठी चाललंय हे सगळं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मग मुलीला एकदा विचारलंत का, काढल्यावर नक्की येशील का म्हणून?"

"तिला कशाला विचारायचं? डॉक्टरांनीच सांगितलंय."

"नाही, विचारलेलं बरं असतं," तो म्हणाला. "मी कापड कापायच्या आधी दोनदा विचारतो."

"म्हणूनच तुमचे कपडे कधी वेळेवर होत नाहीत," मी म्हटलं. तो मान हलवून खाली गेला.

तो कापूस निघता निघेना. पुसला की उडायचा, उडला की बसायचा. ओलं फडकं घेऊन मी फरशी, भिंती, दाराच्या वरच्या चौकटी, पंख्याची पाती, सगळं पुसलं. दोऱ्या काढल्या. जाड पडदे धुऊन देऊन टाकले. भिंतींतले खिळे काढले, भोकं बुजवली, रंग दिला. शेवटी खोली अशी झाली, की मी खोकले तरी घुमायचं. पडदे निघून उजेड आत आला तेव्हा कळलं, की मागच्या भिंतीला एक मोठी भेग गेली आहे आणि ती मी इतकी वर्षं बघितलेलीच नव्हती. बेडक्यासाठी एक लहान पलंग आणला. तो कोपऱ्यात ठेवला. रोज सकाळी त्याची चादर नीट करायचे, जरी त्यावर कुणी झोपलेलं नसलं तरी.

मग मुलीला फोन केला. म्हटलं, "घर लख्ख केलंय. गवताची एक काडी नाही. काम बंद केलं मी. आता या."

मला वाटलं लाइन गेली.

"बंद केलंस? का?"

"का म्हणजे? त्याला त्रास होतो ना."

"हो. म्हणजे... हो. बघते आई. त्याची शाळा आहे. सुट्टी लागली की सांगते."

सुट्टी लागली, तेव्हा जावयाला काम निघालं. काम संपलं, तेव्हा तिचं ऑफिस सुरू झालं. मग पाऊस, मग त्याचा ताप, मग परत शाळा. दर रविवारी एक नवं कारण, आणि प्रत्येक कारण आपापल्या जागी खरं. मी रिकाम्या खोलीत बसून खिडकीतून बघायचे. रुळांकडेच्या उतारावर गवत तुऱ्यावर आलं, पुरतं फुललं, झडून गेलं. हात शिवशिवायचे. पण मी शब्द दिला होता, जरी तो कुणी मागितला नव्हता तरी.

तिच्या नव्या घरी मी कधी गेले नव्हते, तिनं बोलावलं नव्हतं. शेवटी म्हटलं, आपणच जाऊन घेऊन येऊ. लेकराला आणि त्याच्या आईला कडेवर बसवून आणलं तरी चालेल. एका शनिवारी सकाळची बस पकडली. फोन केला नाही. शेजारी एक तरुण बाई सगळा रस्ता फोनवर सासूबद्दल बोलत होती. उतरताना मी तिला म्हटलं, "सासूची बाजू पण एकदा ऐकायला आवडेल मला, नंबर दे." तिनं माझ्याकडे असं बघितलं की बस.

दार जावयानं उघडलं. भला मुलगा आहे, फक्त चेहऱ्यावर सगळं दिसतं त्याच्या. "आई? तुम्ही? या, या ना." मुलगी बाजारात गेली होती. त्यानं माझी पिशवी घेतली, पाणी दिलं आणि चहा टाकायला आत पळाला. आतून उड्यांचा आवाज आला आणि बेडक्या बाहेर आला. त्यानं मला बघितलं, ओळखलं, आणि लाजून परत आत गेला. मग परत आला तो हातात तलवार घेऊन.

तलवार म्हणजे गवताचा तुरा होता. हातभर दांडा, वर पांढरा, केसाळ, कोल्ह्याच्या शेपटाएवढा झुपका. दुकानांत पंपास म्हणून विकतात तो. सोफ्यामागच्या कोपऱ्यात उंच फुलदाणी होती आणि तिच्यात तसलेच आणखी सात-आठ तुरे उभे होते. बेडक्यानं त्याच्या तलवारीनं सोफ्याला मारलं, खुर्चीला मारलं, मला मारलं. प्रत्येक फटक्याला पांढरा भुगा उडत होता. उशिरा तोडलेले, वर काही न फवारलेले, सगळ्यात जास्त झडणारे तुरे. त्याच्या केसांत भुगा, पापण्यांवर भुगा. तलवारीचं टोक तो मधूनमधून तोंडात घालत होता.

मी वाट बघत राहिले. खरं सांगते, लेकराला खोकला यावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वाट बघितली. त्याला घाम आला, तो दमला, हसत हसत माझ्या मांडीवर येऊन पडला. मी त्याच्या पाठीला कान लावला. आत सगळं स्वच्छ वाजत होतं.

जावई चहा घेऊन आला. मी विचारलं, "याला त्रास नाही होत?"

"कशाचा?"

"गवताचा."

"गवताचा? नाही तर," तो म्हणाला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येत गेली, आणि तो घाईनं म्हणाला, "म्हणजे, होतो तसा. थोडाफार. हवा बदलली की." चहा बशीत सांडला. खोटं बोलणं येत नसेल माणसाला तर त्यानं मूग गिळून बसावं.

तेवढ्यात मुलगी आली. हातात दोन पिशव्या. तिनं मला बघितलं, मांडीवरच्या पोराला बघितलं, त्याच्या हातातला तुरा बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी याला जरा बागेत नेतो," आणि पोराला उचलून चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

आम्ही दोघीच उरलो. ती पिशव्या खाली ठेवायला विसरली होती.

"कधी आणलेस?" मी विचारलं.

"हे घर घेतलं तेव्हाच."

"फसवलं तुला. उशिरा तोडलेत. स्प्रेसुद्धा मारलेला नाही, घरभर झडतील."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "बघ आई. तुला आत्ता कळलं मी तुझ्याशी खोटं बोलले ते. आणि तू काय म्हणतेस, तर तुरे उशिरा तोडलेत."

"मग काय म्हणू?"

"विचार ना मला, का म्हणून."

"का?" मी म्हटलं. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा बारीक आला.

ती समोर बसली. पिशव्या पायाशी ठेवल्या. "तेव्हा त्याला खरंच खोकला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूळ आहे का? मी म्हटलं, आईकडे आहे. ते म्हणाले, मग काही दिवस नका नेऊ. आई, त्या दिवशी घरी येताना मला इतकं हलकं वाटलं. मला कारण सापडलं होतं. तुला नको म्हणता येत नव्हतं मला. गवताला म्हटलं."

"पण मला नको म्हणायचं कशासाठी?"

"तुझ्याकडे पहिला दिवस छान जातो. तू खूष असतेस, मी खूष असते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यापासून तू मला तोडायला लागतेस."

"मी? मी तुला कधी तोडून बोलले?"

"केस पिंजारलेत, नवऱ्यानं हाकललं का? पोरगं उड्या मारतं, आईबापांनी चालायला शिकवलं नाही वाटतं? स्वयंपाक करतेस की सूड घेतेस? सांगू आणखी?"

"अगं, ती थट्टा होती."

"बाबा हसायचे म्हणून ती थट्टा होती, आई." ती हळू बोलत होती. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. "ते हसले की आम्हाला कळायचं, हे हसण्यावारी न्यायचं. आता हसायला कुणी नसतं. नुसतं लागतं."

मला राग आला. फार राग आला. जिभेवर पाच-सहा वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार, आणि सगळी खरी. तुझ्यासाठी घर रिकामं केलं मी, असं एक. सासूचं बरं चालतं, असं एक. मी ती सगळी तोंडात धरून बसले आणि मला कळलं, की ही प्रत्येक वेळी अशीच तयार असतात. मी फक्त तोंड उघडत आले.

"मी सगळं काढून टाकलं," शेवटी एवढंच म्हटलं. "काडीसुद्धा ठेवली नाही."

"मी काढायला सांगितलं नव्हतं गं." आणि ती रडायला लागली. "तू काढलंस म्हणालीस त्या दिवसापासून मला झोप नाही लागली नीट. काय सांगू, कसं सांगू. एकेक कारण काढत राहिले."

मी उठून तिच्याजवळ गेले. डोक्यावर हात ठेवला. केस खरंच फार गळत होते तिचे, मधला भांग रुंद झाला होता. तोंडाशी आलं होतं. गिळून टाकलं.

त्यानंतरची दुपार चांगली गेली. खरंच चांगली. बेडक्या परत आला तेव्हा मी त्याच्याशी लढाई केली आणि तीनदा मेले. त्याला मरण्याचे वेगवेगळे प्रकार करून दाखवले, त्यातला गडगडत सोफ्याखाली जायचा प्रकार त्याला फार आवडला. मुलीनं जुने फोटो काढले. तिच्या बाबांचा टोपी घातलेला फोटो बघून आम्ही दोघी पोट धरून हसलो. पोरासाठी दिवेलागणीआधीच जेवायला बसलो. भाजीत मीठ जास्त झालं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. जावई माझ्याकडे चोरून बघत होता आणि मी दर खेपेला "छान" म्हणत होते. एवढं छान मी उभ्या जन्मात म्हटलं नसेन. जबडा दुखायला लागला. न बोलणं हे किती कष्टाचं काम आहे, हे बोलणाऱ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. पण बेडक्या माझ्या मांडीवर बसून जेवला आणि मध्येच मान वर करून म्हणाला, "तू फोनमध्ये बारीक दिसतेस." तेवढ्यासाठी आणखी एक खारट घास गेला असता.

जेवणं झाल्यावर मुलगी कपाटातून चादरी काढायला लागली. "आतल्या खोलीत झोप तू. त्याला घेऊन झोप हवं तर."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चादर झटकत होती, उशीला अभ्रा घालत होती आणि तोंडानं गुणगुणत होती. मला तिथे झोपायचं होतं. पोराचा घामट वास घेऊन झोपायचं होतं, सकाळी त्याच्या उड्यांनी उठायचं होतं. आणि सकाळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मी आले. चहा पातळ झाला तर काय म्हणेन, ती उशिरा उठली तर काय म्हणेन, ते सगळं मला ऐकू यायला लागलं. तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असं पाहुण्याला म्हणतात. माझी दुसऱ्याच दिवशी जाते. एक दुपार मी जीभ दाबून धरली होती, तर जबडा दुखत होता. उद्या सकाळपर्यंत तो टिकला नसता. मला ते माहीत होतं, आणि चादर घालणाऱ्या तिलाही माहीत होतं, म्हणून तर भीती दाबायला ती गुणगुणत होती.

"नको घालूस," मी म्हटलं. "मला जायचंय. सव्वासातची बस आहे."

"आज? अगं, आत्ता तर आलीस."

"खालच्या मास्तरला सांगून आलेय रात्री परत येते म्हणून. तो काळजी करेल." मास्तरला मी काहीही सांगितलेलं नव्हतं. खोटं बोलणं आमच्या घरात आजच सुरू झालं असं नाही.

तिनं चादरीचं टोक हातात धरलं होतं. "राहा की," ती म्हणाली.

"येईन परत. पुढच्या महिन्यात. अशीच दुपारी येईन, संध्याकाळी जाईन."

तिला कळलं. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी लहानपणी बघायची तशी, आणि मग तिनं ती चादर परत घडी केली. फार व्यवस्थित घडी केली, कोपऱ्याला कोपरा लावून.

बेडक्याला झोप आली होती. त्याचा पापा घेतला. जावयानं हात जोडून निरोप दिला. मुलगी स्टॉपपर्यंत आली. वाटेत तिनं माझी पिशवी घेतली आणि हातात हात घातला. कितीतरी वर्षांनी. आम्ही हवेबद्दल बोललो, बेडक्याच्या शाळेबद्दल बोललो. ती म्हणाली, "गवत परत सुरू कर ना तू." मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात नक्की ये." मी म्हटलं, "येईन." सगळी वाक्यं आखूड आणि गुळगुळीत. त्यांत कुणालाच काही टोचण्यासारखं नव्हतं.

बस आली तेव्हा ती म्हणाली, "थांबली असतीस तरी चाललं असतं."

मी भाषा शिकवणारी बाई नाही. पण 'थांब' आणि 'थांबली असतीस तरी चाललं असतं' यातला फरक मला कळतो. जो माणूस आधीच निघाला आहे, त्याला म्हणायचं वाक्य आहे ते. मी तिच्या गालाला हात लावला आणि चढले.

खिडकीची जागा मिळाली. ती खाली उभी राहून हात हलवत होती, हसत होती. मीही हात हलवला. बस सुटली, पुढे जाऊन सिग्नलला थांबली. तिला वाटलं मी गेले. मी मागच्या काचेतून बघत होते. तिनं हात खाली घेतला, डोळे मिटले, आणि पेपर देऊन वर्गाबाहेर आलेल्या मुलीचे होतात तसे तिचे खांदे सैल झाले. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग घराकडे चालायला लागली, सावकाश नाही, भराभर.